हावप्पा

चप्पल पिशवीत घालून देवाच्या दारात जाणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका गुरम्माच्या नशिबी आला होता.

जिल्हा तसा नवाच. उस्मानाबादेतून फुटून तिसरं वर्ष चाललेलं. लातूरला कलेक्टरची कचेरी बसली, पाट्या रंगल्या, शिक्के नवे आले. पाऊस तेवढा वाटणीत आला नाही. दोन साल धड पेरणी नाही, आणि तिसऱ्या साली शिमग्याच्या आधीच चाकूरकडच्या गावांतले आड तळाला गेले. गुरम्माच्या गावात पाणी उरलं होतं ते एका विहिरीला, आणि त्या विहिरीचा मालक तिचा नवरा, विरूपाक्ष. किराणा दुकान, बारा एकर रान, गळ्यात चांदीच्या चौक्यात, म्हणजे डबीत, लिंग, पांढरंशुभ्र धोतर. माणूस दिसायला भारदस्त होता. नुसता दिसायला.

गावानं त्याचं नाव पाडलं होतं हावप्पा. इकडं 'हाव' म्हणजे होय. पुण्याकडच्या माणसाला ह्या शब्दात लोभ ऐकू येतो, ते त्याचं तो बघेल. विरूपाक्षला कुणी काहीही विचारो, उत्तर ठरलेलं. ज्वारी महागणार का, अप्पा? हाव. का उतरणार? हाव. इलेक्शनच्या वेळी दोन्ही पार्ट्यांची माणसं दुकानाच्या फळीवर बसून गेली, दोघांनाही हाव मिळालं, आणि मतदानाच्या दिवशी हा बहिणीकडं उदगीरला जाऊन बसला. जमिनीच्या सीलिंगचा कायदा आला तेव्हा यानं विहिरीचं रान गुपचूप बायकोच्या नावावर चढवलं. कुणी विचारलंच तर माझं म्हणावं तर माझं, न्हाई म्हणावं तर न्हाई. गुरम्माला तलाठ्यापुढं बसवून सही घेतली होती, तेवढंच तिला आठवत होतं. पुढं ती त्या रानाची मालकीण आहे हे ना तिच्या ध्यानात राहिलं, ना गावाच्या.

आता असला माणूस ख्रिस्ताच्या दारात गेला कसा, ते ऐका.

सहा वर्षांमागची गोष्ट. गुरम्माचं तिसरं बाळंतपणही नासलं, मूल गेलं आणि ताप तिच्या अंगातून निघेना. कुणीतरी म्हणालं म्हणून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीतली केवळाबाई आया होती. गावात असताना गुरम्मानं तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं. तिथं सतरा दिवस केवळाबाईच्या हातची पेज प्याली, केवळाबाईनं तिचं सगळं काढलं, अंग पुसलं, आणि काम उरकलं की खाटेच्या पायथ्याशी बसून मोठ्यानं प्रार्थना केली. शुद्धीत नसलेल्या बाईच्या कानात काय गेलं आणि काय नाही, कुणास ठाऊक. पण अठराव्या दिवशी गुरम्मा उठून बसली ती त्या देवाची होऊनच उठली.

विरूपाक्ष त्या वेळी व्हरांड्यात उभा राहून नवस बोलत होता. ही वाचली तर मी तुझा, असा नवस. त्याच दिवशी एक नवस माहूरच्या रेणुकेला बोलला होता, एक मठात कळवला होता. तिन्हीकडं दोर बांधून ठेवले, कुठला तरी ओढेलच म्हणून. बायको वाचली. माहूरला साडीचोळी पोचली, मठात जेवण घातलं, आणि राहिलेला तिसरा नवस फेडायला हा गृहस्थ नारळ घेऊन वस्तीतल्या चर्चात गेला. दारात उभा राहून विचारतो, नारळ फोडायला दगड कुठं हाय?

वस्तीचे पास्टर मडिवाळप्पा. नाव आजाचं, तेच ठेवलेलं. त्यांनी नारळ हातात घेतला, बायकोकडं दिला, चटणी कर म्हणाले. मग विरूपाक्षला सांगितलं की आमच्या देवाला नारळ लागत नाही, त्याला तूच पाहिजेस.

"म्हंजे किती?" विरूपाक्षनं विचारलं. शेवटी दुकानदारच.

"पुरता," पास्टर म्हणाले.

विरूपाक्ष म्हणाला, "हाव."

तेव्हापासून दर रविवारी नवराबायको चर्चात जायला लागले. पण चर्च एस.टी. स्टँडच्या वाटेवर. माणसं आत, चपला बाहेर, आणि गावाला सगळ्यांच्या चपला ओळखीच्या. विरूपाक्षच्या तर उदगीरच्या कारागिराकडून करून घेतलेल्या, टाचेला नाल ठोकलेल्या, आंधळ्यानंही ओळखाव्यात. म्हणून हा वळणावरच्या लिंबाखाली थांबायचा, चपला काढायचा, खादीच्या पिशवीत घालायचा आणि तापल्या फुफाट्यात अनवाणी पाय टाकत आत शिरायचा. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, मांडीवर पिशवी. गुरम्माच्या चपला त्याच पिशवीत. वाटेत कुणी भेटलंच तर वस्तीत जरा काम हाय म्हणायचं. सोमवारी तीच पिशवी घेऊन महादेवाच्या देवळात, आत बेलाची पानं.

गुरम्माला बाप्तिस्मा घ्यायचा होता. दरसाल ईस्टर जवळ आला की ती विषय काढायची आणि दरसाल तो म्हणायचा, पुढल्या साली, घाई काय हाय, देव कुठं पळून चालला. पास्टरांनी एकदा उपदेशात सांगितलं की पाणी ऊन असावं नाहीतर गार असावं. कोमट पाणी तोंडात धरवत नाही, थुंकून टाकावं लागतं, देवालाही तसंच होतं. तर पुढच्या बाकावरचा म्हातारा रामकिशन म्हणाला, पास्टर, कोमट का होईना, पाणी तर येऊ द्या. सगळं चर्च हसलं. सगळ्यांत मोठ्यानं विरूपाक्ष हसला. ज्याच्यासाठी सांगितलं तोच हसतोय म्हटल्यावर गुरम्माला अंगावर झुरळ पडल्यासारखं झालं.

घरात सासरा होता, धोंडप्पा. ऐंशीच्या घरातला, काठी टेकत चालणारा, पण सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. तापानं फणफणलेला असला तरी नाही. त्याला पिशवी ठाऊक होती. सहा वर्षांत तो त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. रविवारी ती दोघं निघाली की पिशवीकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा, एवढंच. गुरम्माला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या ख्रिस्ताचा राग आहे.

तर विहीर. आधी रीत अशी होती की वस्तीतल्या बायकांनी कठड्यापासून दहा पावलं लांब घागरी ठेवून उभं राहायचं, आणि गावातलं कुणी वरून ओतेल तेवढं घ्यायचं. रीत घाणेरडीच होती, पण पाणी तरी मिळत होतं. फाल्गुनात सरपंच हणमंतरावांनी फर्मान काढलं की पाणी गावालाच पुरत नाही, वस्तीनं वेगळा देव केलाय तर त्यालाच मागावं. गाव हसलं. हसायला काय, घरात रांजण भरलेले होते.

विरूपाक्षनं काय केलं? विहिरीला तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. म्हणजे दिलं असं कुणी म्हणायला नको आणि अडवलं असंही कुणी म्हणायला नको. सकाळी दोन तास गावासाठी फाटक उघडायचं. पास्टर भेटले की सांगायचा, किल्ली सरपंचाकडं हाय, माझा काय इलाज. सरपंच भेटले की सांगायचा, बघा मालक, मी वस्तीला थारा दिला न्हाई. आणि किल्ली कुठं? त्याच्याच गळ्यात. सदऱ्याच्या आत, लिंगाच्या दोऱ्यात ओवलेली. आंघोळीला बसला की गुरम्माला दोन्ही शेजारी शेजारी लोंबताना दिसायचं. तिला त्या लिंगाची दया यायची. खरं सांगायचं तर स्वतःची लाजही वाटायची, पण ती लाज तिनं पदराखाली झाकून ठेवली होती. रविवारी पिशवी पुढं केली की तीही मुकाट्यानं चप्पल काढून द्यायची.

वस्तीनं लातूरला अर्ज केला. नव्या जिल्ह्याला नवीन उत्साह, चैत्रात एक साहेब जीपमधून पाहणीला आले. रत्नागिरीकडचे, मराठवाडा त्यांनी ह्या वर्षी पहिल्यांदाच पाहिलेला. एका दिवसात चौदा गावं करायची होती. विहिरीजवळ एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला वस्ती, मधे विरूपाक्ष. साहेबांनी कागदातून मान वर न करता विचारलं, "वस्तीला तुमच्या विहिरीचं पाणी मिळत नाही, असा अर्ज आहे. मिळतं ना पाणी?"

"हाव," विरूपाक्ष म्हणाला.

"हाव? कसली हाव?"

तलाठ्यानं सांगितलं, साहेब, होय म्हणतोय. साहेबांनी कागदावर लिहिलं: पाणी मिळते, टँकरची गरज नाही. पास्टर पुढं झाले, साहेब तसं नाही म्हणाले, पण मालक स्वतः सांगतोय म्हटल्यावर साहेब कशाला थांबतात. जीप गेली.

त्या दिवशी विरूपाक्ष इतका खुशीत होता की दोन घास जास्त जेवला. साहेबांनी एका दमात दोन गोष्टी विचारल्या होत्या आणि यानं एका शब्दात दोन्ही भागवल्या होत्या. दुपारी सरपंचांना सांगून आला की 'मिळतं ना'ला मी हाव म्हणलं, तुमची अब्रू राखली. संध्याकाळी पास्टरांना सांगून आला की मी अर्जाला हाव म्हणलं, साहेबाला मराठी कळत न्हाई त्याला मी काय करू.

पुढं वस्तीतल्या बायका तीन मैलांवरच्या नदीच्या पात्रात झिरे खणायला जायला लागल्या. वाळूत पुरुषभर खोल खड्डा करायचा, तळाला वाटी वाटी पाणी पाझरतं ते घागरीत भरायचं. तासाला अर्धी घागर. केवळाबाई साठी ओलांडलेली, दवाखान्यातून घरी बसून दोन वर्षं झालेली. घरात दुसरं कुणी नाही म्हणून तीही जायची. एका सकाळी ती खाली वाकलेली असताना झिऱ्याची कड ढासळली. बायकांनी हातांनी वाळू उपसून काढली. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

दुकानात गूळ घ्यायला आलेल्या बाईनं ही बातमी सहज सांगितली. गुरम्मा फळीवरून उठली आणि तशीच निघाली. वार मंगळवार होता. बरोबर पिशवी नव्हती, पायात चपला होत्या, आणि भर चावडीवरून ती वस्तीत गेली. लोक बघत राहिले.

केवळाबाई बाजेवर पडली होती. मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, ओठ कोरडे. पास्टर लातूरला न्यायला जीप शोधायला गेले होते. गुरम्मानं तिचा हात धरला तर तो खरखरीत हात वाळूनं भरलेला. म्हातारीनं तिला ओळखलं, जवळ बस म्हणाली. रागावली नाही, रडलीही नाही. नुसतं विचारलं.

"लेकी, तुझ्या मालकानं हाव म्हणलं म्हणत्यात. कशाला म्हणलं गं?"

गुरम्मा तिच्या बोटांतली वाळू पुसत राहिली. ह्या बाईनं आपलं काय नाही काढलं, आणि आपण हिच्याकरता सहा वर्षांत काय केलं? चप्पल लपवली. नवऱ्याची पिशवी म्हणून ती नाक मुरडत होती, पण तिच्याही चपला त्याच पिशवीत होत्या. नवरा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होता आणि ती त्याच्या पाठीमागं पदर धरून. मनातल्या मनात पुरतं असणं लई सोपं असतं. तिथं कुणी बघत नसतं.

घरी आली तर विरूपाक्ष पाटावर बसून भाकरी खात होता. तिनं सरळ विचारलं की त्या दिवशी साहेबाला हाव म्हणालात ते कशाला. त्यानं घास संपवला, पाणी प्याला आणि समजावून सांगायला लागला. शहाण्या माणसानं कुणाच्या अध्यात ना मध्यात राहावं. आज सरपंच हाय, उद्या टँकरचे साहेब हायत, कुणाशीच वाकडं नको. देवाचं म्हणशील तर देव अंतःकरण बघतो. मी काय कुणाला पाणी न्हाई म्हणलं का? तोंडातून 'न्हाई' शब्द काढला असंल तर दाखव.

"हो म्हणलात का?" गुरम्मा म्हणाली.

"हाव."

"कुणाला?"

तो हसला. त्या हसण्याचा गुरम्माला आयुष्यात कधी आला नव्हता एवढा वीट आला. केवळाबाईचं हाड मोडलं ते सांगितलं तर च्च च्च केलं, रविवारी प्रार्थना करू म्हणाला, आणि मीठ कमी पडलंय भाजीला असंही म्हणाला. तिनं विहिरीची किल्ली मागितली. तर म्हणतो, मी दिली असं झालं तर गाव तोंडात शेण घालंल, तू घेतलीस असं झालं तरी माझ्यावरच येईल. चार दिवस दम धर, आपोआप काहीतरी होईल. ती ओट्यावर येऊन बसली. सासरा तिथंच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तो लेकाच्या घरचं पाणीही प्याला नाही.

पास्टर केवळाबाईला लातूरच्या दवाखान्यात घालून थेट कलेक्टर कचेरीत जाऊन बसले. आठवडाभरात तेच साहेब परत आले. ह्या वेळी चेहरा वेगळा होता. वरून बोलणी बसली असणार. पुन्हा तीच विहीर, तीच दोन अंगं, तोच मधे उभा असलेला विरूपाक्ष. गुरम्मा बायकांमध्ये उभी होती.

साहेबांनी सांगितलं की आज हाव चालणार नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. वस्तीला ह्या विहिरीचं पाणी देतो, किंवा देत नाही. देतो म्हटलं तर आज आत्ता फाटक उघडायचं, देत नाही म्हटलं तर तसं लिहून पुढची कारवाई करायची.

विरूपाक्षनं सरपंचांकडं बघितलं. मग पास्टरांकडं बघितलं. मानेवरून घाम उतरला, सदरा पाठीला चिकटला. "साहेब," तो म्हणाला, "मी कुणाच्याच बाजूचा न्हाई. मला दोन्हीकडची माणसं सारखीच."

"मी बाजू विचारलेली नाही. पाणी विचारलंय."

"त्येच म्हणतो मी. मी आपला मधला माणूस."

एक माणूस सहा वर्षं देवाच्या घरात जाऊन बसतो आणि त्याच्या तोंडातून तहानलेल्यांसाठी दोन शब्द निघत नाहीत. पास्टरांनी मान खाली घातली. साहेब वैतागले, तलाठ्याला म्हणाले सातबारा काढ, मालक कोण आहे बघू. तलाठ्यानं दप्तर सोडलं, पानं उलटली, आणि वाचलं: गुरम्मा भ्रतार विरूपाक्ष.

आणि बघा, विरूपाक्षचा चेहरा उजळला. सुटलाच की तो. "हा, बरोबर हाय साहेब," तो म्हणाला, "माझ्या नावावर न्हाईच ते. हिला इचारा." आणि हात झटकून कडेला झाला. लग्नाची बायको अख्ख्या गावापुढं ढकलून हा माणूस धोतराच्या सोग्यानं घाम पुसत उभा राहिला.

गुरम्मा पुढं आली. हणमंतरावांनी आवाज चढवला नाही. शांतपणे बोलले, ते जास्त वाईट होतं. वहिनी, इचार करा म्हणाले. उद्यापासून दुकानाची पायरी कुणी चढणार नाही, तुमच्या घरी कुणी जेवणार नाही, आणि तुमचा सासरा आज आहे, उद्या नाही; त्याला खांदा द्यायला माणसं गावातलीच लागतील.

साहेबांनी तिला विचारलं, "पाणी देता?"

"देते."

"गाव काय करेल, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"हाव," गुरम्मा म्हणाली.

त्या विहिरीवर इतके दिवस तोच शब्द चघळला गेला होता. गुरम्माच्या तोंडातून तो पहिल्यांदा शब्दासारखा निघाला. तलाठीसुद्धा लिहिता लिहिता थांबला.

तिनं नवऱ्यापुढं हात पसरून किल्ली मागितली. त्यानं डोळे चोरले. किल्ली सरपंचाकडं असंल, पुटपुटला. सरपंच म्हणाले, माझ्याकडं कधीच नव्हती. तेवढ्यात गर्दीतून काठीचा आवाज आला. धोंडप्पा. उन्हातून कसा चालत आला होता देव जाणे. तो लेकापुढं येऊन थांबला आणि काठीचं टोक त्यानं लेकाच्या छातीला लावलं.

"हितं हाय किल्ली. लिंगाच्या दोऱ्यात ओवलीय यानं." म्हाताऱ्याला दम लागला होता, तो थांबला आणि मग सरपंचांकडं न बघता बोलला. "मी तुमच्या त्या येशूचा न्हाई, आणि मरेस्तोवर व्हणार न्हाई. पण लिंग घालणारा पाणी अडवत न्हाई. इरूपाक्षा, किल्ली काढ, न्हाईतर लिंग काढ. दोन्ही एका दोऱ्यात ऱ्हात न्हाईत."

विरूपाक्षनं तेव्हाही आजूबाजूला बघितलं, तिसरी काही वाट सापडते का म्हणून. मग गळ्यात हात घातला, दोरा वर ओढला आणि गाठ सोडायला लागला. गाठ घामानं घट्ट झालेली, सुटेना. गुरम्मानंच पुढं होऊन ती सोडवली. सहा वर्षं जे तोंड तिला पिशवीकडं बघून फिरलेलं दिसायचं, ते आता तिच्याकडं बघत होतं. म्हाताऱ्याला राग कशाचा होता ते तिला आज कळलं.

फाटक उघडलं. पहिली बादली तिनं ओढली, आणि वस्तीतल्या बाईची घागर कठड्याला टेकवून, हाताला हात लावून भरून दिली. लांब ठेवायला सांगितली नाही. गावातल्या बायका एकेक करून निघून गेल्या.

हणमंतराव बोलले तसं झालं. दुकानाची फळी ओस पडली. गाव पायरी चढेना, आणि वस्तीतली माणसं काही न बोलता चाकूरहून मीठमिरची आणायला लागली. हावप्पाच्या हातून त्यांना काही घ्यायचं नव्हतं. विरूपाक्ष दिवसभर गल्ल्यामागं बसून माशा हाकायचा आणि भेटेल त्याला सांगायचा की मी दिलं न्हाई, मी अडवलंही न्हाई, सातबारा हिच्या नावावर हाय. विहिरीवर मात्र गाव येत राहिलं. पाणी सगळ्यांनाच लागतं.

ईस्टर होऊन गेला होता. तरी पास्टरांनी गुरम्माला विचारलं की बाप्तिस्म्याला आणखी किती थांबायचं, आणि तिनं येता रविवार धरला. त्या रविवारी सकाळी ती सासऱ्याच्या पाया पडली. म्हातारा पूजेला बसला होता; हातातलं भस्म तसंच ठेवून म्हणाला, जायचं तर पुरती जा. मागं वळून बघत बसू नको.

ती निघाली. विरूपाक्ष पिशवी घेऊन तिच्या मागं. वळणावरच्या लिंबाखाली तो सवयीनं थांबला, चपला काढल्या, पिशवीत घातल्या, आणि पिशवीचं तोंड तिच्यापुढं धरलं. गुरम्मा थांबलीच नाही. चर्चच्या पायरीशी गेली, रस्त्यावरून येणाराजाणारा बघेल अशा बेतानं तिनं चपला काढल्या, केवळाबाईच्या शेजारणीच्या चपलांना लावून ठेवल्या, आणि आत शेवटचं बाक ओलांडून पुढं जाऊन बसली. लातूरहून प्लास्टर घालून घरी आणलेल्या केवळाबाईची बाज वस्तीतल्या माणसांनी उचलून पहिल्या ओळीत आणली होती. पास्टरांच्या टेबलावर तांब्याभर पाणी होतं, तिच्याच विहिरीचं.

दार उघडं होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी जरा शांत झालं तेव्हा रस्त्यावरचं बोलणं आत ऐकू आलं. चाकूरची एस.टी. गाठायला निघालेला कुणी वाटसरू विचारत होता.

"अप्पा, हितं लिंबाखाली काय करून राहिलाव? आत चाललाव का?"

"हाव."

"का घराकडं?"

"हाव."

वाटसरू हसून पुढं गेला असावा. गुरम्मानं मागं वळून बघितलं नाही. पास्टरांनी तिचं नाव घेतलं आणि ती उठून उभी राहिली. बाहेर विरूपाक्ष लिंबाखाली तसाच उभा होता, अनवाणी, आणि हातातल्या पिशवीत आज एकच जोड होता.